एका संध्याकाळी सतरा फेऱ्या

हे कुणालाच सांगणार नव्हते. पण आमच्या गल्लीत ते सगळ्यांना कळलंच आहे आणि तुम्ही चहाही ठेवलाय, तर आता माझ्याच तोंडून ऐका. मी लढाऊ विमान चालवते. युद्धावर गेले होते. आणि त्या युद्धात माझा जो काय पराभव झाला, तो सीमेवर नाही, इथे अमरावतीत, माइकवर झाला.

सहावीपासून मी डेहराडूनच्या वसतिगृहात, तिथून हवाई दलात. नियम म्हणजे नियम, हे अंगात भिनलेलं. युद्ध सुरू होणार अशी चिन्हं दिसली तेव्हा मी आईला फोनवर नियमच वाचून दाखवले. कुठे आहे विचारायचं नाही. काय करतेय विचारायचं नाही. उलट फोन करायचा नाही.

"मंग तू धड हायेस का नाही, हे मले कसं समजन?"

"विमानातून खाली उतरले की मिस कॉल देईन. उचलायचा नाही."

आपल्याकडे माणूस इथून मेळघाटात धारणीला पोचला तरी मिस कॉल देतो. यात काय चुकणार होतं, तुम्हीच सांगा.

खरं सांगते, युद्धात मी बहुतेक वेळ उभ्या विमानात पट्टे आवळून बसले होते. हुकूम आला की लगेच उडायचं. हुकूम काही येईना. दोनदा उडाले, आपल्याच हद्दीत घिरट्या घातल्या, ढग पाहिले, परत आले. रोज ड्युटी संपली की खाली उतरायचं, फोन ताब्यात घ्यायचा, एक मिस कॉल द्यायचा.

मग ती संध्याकाळ आली. मेसमध्ये मी वऱ्हाडी जेवणाची इतकी बढाई मारली, की शेवटी म्हणून बसले, "आज पाटवडी मी करते." बेसन कढईत पडल्यावर लक्षात आलं, पाणी किती घालतात हेच मला माहीत नाही. आईला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. इकडे बेसनाच्या लिंबाएवढ्या गाठी झाल्या. मी लावतेय, ती उचलत नाहीये. सतरा वेळा. माझाच नियम, आणि तो फक्त मीच विसरले होते.

युद्ध थांबलं, सुट्टी मिळाली. बडनेऱ्याला गाडीतून उतरले तर अकोल्याचा मामा हार घेऊन हजर. मामा एसटीचा ड्रायव्हर होता, गेल्याच वर्षी निवृत्त झाला.

"मी अकोला-अमरावती दिवसाले चार फेऱ्या मारो तं कंबर धरे," तो अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाला. "अन् आपल्या पोट्टीनं एका संध्याकाळी सतरा मारल्या."

"कसल्या सतरा?"

मामानं नुसता डोळा मारला.

घरी आईनं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकोनात कुंकवाचा एकेक ठिपका. एक चौकोन मात्र पुरता लाल.

"त्या दिवशी तं मी जेवलीच नाही. फोन वाजे अन् मी म्हनो, आली माही पोर खाली. ठिपका लावत नाही तं पुन्हा वाजे. म्हंजे पुन्हा गेल्ती, पुन्हा आली. सतरा ठिपके लावले."

आता हिला पाटवडीचं कसं सांगू? म्हणून मामाला गाठलं.

"मामा, मी फक्त दोनदा उडाले."

"बरोबर. असंच सांगाचं."

"अरे, खरंच दोनदा."

"समजते ना मले. गुप्त असते ते. तू सांगूच नको, आमी सांगतो."

मी जितकं नाकारलं तितका त्याचा विश्वास बसत गेला. दुसऱ्या दिवशी मामानं ठेवलेल्या माझ्या सत्काराला सभागृह भरलेलं, व्यासपीठावर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: एका संध्याकाळी सतरा फेऱ्या. समोर शाळेच्या मुली. माझ्या हातात डेहराडूनपासून जपलेलं भाषण, विषय: नेहमी खरं बोला.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "ताई, सतरा येळा गेल्या तं मधात जेवल्या कधी?"

मी आईकडे पाहिलं. ती अभिमानानं शेजारणीला कोपर मारत होती. मग भाषणाकडे पाहिलं. आणि माइकवर सगळं सांगून टाकलं: दोन उड्डाणं, ढग, बेसन, गाठी, सतरा फोन. शेवटी पाणी इतकं ओतलं की ती पाटवडी थापता आलीच नाही आणि वैमानिकांनी ती वाटीतून प्यायली, हेसुद्धा.

सभागृह एवढं हसलं की मामाला माइक बंद करावा लागला. "दोनच फेऱ्या?" तो माझ्या कानात म्हणाला. "अन् त्याही रिकाम्या?"

आम्ही घरी आलो. मी म्हटलं, "आई, तुझी मान खाली गेली ना?"

"फेऱ्याचं काय घेऊन बसली. तू धड आली, मले पुरे. पन बेसन घोटता येत नाही, हे साऱ्या गावाले काहून सांगतलं?"

परत निघाले तेव्हा ती दारात उभी राहिली आणि बोटांवर मोजत माझ्यासमोर नियम म्हणू लागली. मी सवयीनं सावधान उभी.

"एक वाटी बेसन. दोन वाट्या पानी. हात थांबवाचा नाही. अन् इचाराले मले फोन कराचा नाही."