कारण मागणारे मावसाजी

नकार पचवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण नकाराचं कारण हातात पडल्याशिवाय दुसऱ्याचा उंबरठा न सोडणारे अख्ख्या बालाघाटात एकच होते, आणि ते नेमके माझ्या मावशीच्या नशिबी आले. मावसाजी जिल्हा कोर्टात वकील. "नाही म्हना ना, हरकत नाही, पन काहून नाही, ते सांगा," असं म्हणून ते समोर ठाण मांडत. कोथिंबीर नाही म्हणणाऱ्या भाजीवालीचीसुद्धा उलटतपासणी होई! माझ्या मावसभावासाठी पाहिलेल्या तुमसरच्या मुलीकडून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला. आता याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. शहाण्यानं गप्प बसावं. मावसाजी कटंगीवरून बस धरून थेट त्यांच्या ओसरीत! "कोनता गिरहा आडवा आला, दाखवा." चहाच्या दोन फेऱ्या झाल्यावर खरं बाहेर पडलं: मुलगा दमेकरी आहे, असे कुणीतरी त्यांचे कान भरले होते. दुसऱ्याच दिवशी मावसाजींनी मुलाला तिथं नेलं आणि त्यांच्या दारापासून बसस्टँडपर्यंत पळवून दाखवलं. सोयरीक झाली. मावशीनं मात्र कपाळावर हात मारला, "या मानसाले लाज कशी ती नाही बाप्पा!"

पुढे बैहरकडची एक बाई त्यांच्याकडे आली. तिच्या मुलाला पोलीस चौकीत घेऊन गेले होते आणि तो हात मोडून परत आला होता. चौकीवाले म्हणत, दारू पिऊन मोहाच्या झाडावरून पडला. हळूहळू गावही तेच म्हणू लागलं. दवाखान्यापायी वर्ष उलटलं, मग तिनं मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. उत्तर आलं एका ओळीचं: तक्रार नामंजूर. झालं! मावसाजींना तेवढंच पुरे होतं. त्यांनी जबलपूरच्या हायकोर्टात याचिका लावली. सोबतचे वकील हसले; आयोगानं फेटाळल्यावर कोर्ट काय करणार? "कोर्ट त्या पोराचा हात पाहनार नाही रे," मावसाजी म्हणाले, "न ऐकता दार काहून लावलं, एवढंच इचारनार." छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं, मावशीच्या दशम्या बांधून घेऊन, त्यांच्या खेपा सुरू झाल्या. आणि कोर्टानं खरंच तो नकार रद्द केला: बाईचं ऐका, कारणं लिहा, मग काय ते ठरवा.

आयोगानं ऐकलं, चांगली ऐसपैस कारणं लिहिली आणि तक्रार पुन्हा फेटाळली. हात चौकीतच मोडलेला दिसतो, पण तक्रार एका वर्षाच्या मुदतीनंतर आली. मावसाजींचा चेहरा उतरला.

"हार गए, बाई."

"पेड़ से गिरा, ऐसा तो नहीं लिखा?" तिनं विचारलं.

"नहीं. चौकी में टूटा, ऐसा लिखा है."

"तो गाँव में पढ़ दो, साहब."

मावसाजी काळ्या कोटातच तिच्यासोबत बैहरच्या बसमध्ये चढले. "जेवून तरी जा!" म्हणून मावशी मागून ओरडत राहिली. गावातल्या चिंचेखाली सगळ्यांना जमवून त्यांनी तो निकाल मोठ्यानं वाचला.

मावसाजी आता नाहीत. शेवटी शेवटी जिंकलेले खटले ते विसरून गेले होते, पण हा हरलेला पुन्हा पुन्हा सांगत. "पोरगं मान वर करून उभं होतं," ते म्हणत, "माय ताठ उभी होती. मीच येडा रडून राह्यलो होतो."