पाठ फिरवून ऐकलेली वायर
कथलाचा डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास आला, की मला पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराचं चांदा आठवतं, आणि तिथलं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांचं अंधारं दुकान. मी तेव्हा लाकडाच्या डेपोत होतो. सागाच्या ओंडक्यावर ठोकून तो आतून पोकळ की भरीव, हे नुसतं ऐकून सांगायचो, त्यामुळे कानांचा भारी गर्व. रेडिओ पुढच्या खोलीत आणि बायको दिवसभर चुलीपाशी. तिच्यासाठी स्वयंपाकघरात वेगळा स्पीकर लावायचा होता. त्याला जाड, महागडी वायरच पाहिजे, असं मी चाचांना ठणकावून सांगितलं. चाचा म्हणाले, "पाठ फिरवा भाऊ. दोन तारा लावून पाहतो, चांगली कोनती ते सांगा." गाणं वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. "दुसरी!" मी लगेच म्हणालो. "आवाज कसा भरदार येऊन राह्यला!" वळून पाहतो तर जाड वायरचं वेटोळं खुंटीवर होतं तसंच, दोन्ही वेळा जोडलेली होती ती बल्ब टांगायची, सुती वेष्टणाची साधी वायर. "लाकूड ठोकून घेता," चाचा हसले, "मंग तार काऊन भाव ऐकून घेऊन राह्यले?" मी तीच बल्बची वायर घेतली, आणि त्या संध्याकाळी भात वैरता वैरता बायको गाण्याबरोबर गुणगुणू लागली. काल नातवाने नव्या स्पीकरसाठी आणलेली बोटाएवढी जाड वायर मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "छान आहे. आता पाठ फिरव."