नंतर बदलू, वैनी

गुंडा माने सतरा वर्षं फौजेत होता, सिग्नलमध्ये. वायरलेसचे सेट उघडायचे, बिघाड हुडकायचा, पुन्हा बंद करायचे, यातच त्याची उमेदीची वर्षं गेली. पेन्शनीत आल्यावर पलूसच्या भावांनी ऊस बघायला बोलावलं, पण रानात त्याचं मन लागेना. त्यानं कुपवाडला कारखान्यांच्या रस्त्यावर एक गाळा घेतला आणि कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान टाकलं. निवृत्त झाला तो हवालदार म्हणून, पण लोक त्याला मेजर म्हणू लागले. आपल्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच.

नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "आत्ता झेपंल तेवढा प्रोसेसर बसवू. पुढं काम वाढलं तर नंतर बदलू. डबा त्योच ऱ्हातोय."

आणि ते खरं होतं. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू; तो आतल्या मुख्य बोर्डावरच्या चौकटीत बसवलेला असे. बाजूची खिट्टी उचलायची, जुना काढायचा, नवा ठेवायचा, खिट्टी दाबायची. दहा मिनिटांत मशीन पुन्हा तरणंताठं. कुपवाडातल्या निम्म्या कारखान्यांचे कॉम्प्युटर त्यानं असेच दहा-दहा वर्षं चालवले.

संयोगिता शिंदे त्याची जुनी गिऱ्हाईक. माहेर मलकापूरचं, डिप्लोमा झालेली. नवऱ्याच्या कमरेवर कारखान्यात लोखंड पडलं आणि त्याचं काम कायमचं सुटलं, तेव्हापासून ती घरात बसून एका फौंड्रीसाठी सुट्या भागांची ड्रॉइंग काढून द्यायची. घर त्यावरच चालायचं. तिचं पहिलं मशीन गुंडानंच जोडलेलं होतं. दोनदा प्रोसेसर बदलून ते नऊ वर्षं ओढलं. मग एका उन्हाळ्यात त्याचा बोर्ड गेला आणि तसला बोर्ड कुठंच मिळेना.

तोवर बाजार बदलला होता. गुंडाच्या दुकानात कंपन्यांचे तयार, विटेएवढे डबे येऊन पडत. आवाज नाही, जागा लागत नाही, लोकांना तेच हवं असायचं. संयोगितानं त्यातलाच एक उचलून बघितला आणि विचारलं, "मेजर, पुढं काम वाढलं तर?"

"नंतर बदलू, वैनी."

तोंडातनं सवयीनं गेलं. डबा त्यानं उघडून बघितला नव्हता. उघडला असता तर वॉरंटी गेली असती. आणि बघायची गरजही त्याला वाटली नाही.

तीन वर्षांनी फौंड्रीचे मालक वीरधवल साहेब यांनी सांगितलं, की एक जूनपासून सगळी ड्रॉइंग नव्या सॉफ्टवेअरमध्येच पाहिजेत. संयोगितानं ते घालून बघितलं. मशीन गुदमरलं. एक रेघ ओढली की मिनिटभर पडदा थिजायचा. ती डबा पिशवीत घालून दुकानात आली.

"एवढा प्रोसेसर बदलून द्या. जूनला तीन आठवडे आहेत."

"दोन दिसात देतो."

ती गेल्यावर गुंडानं डबा उघडला. पंखा काढला, खालचा पत्रा काढला, आणि हात तिथंच थांबला. चौकट नव्हती. खिट्टी नव्हती. प्रोसेसर थेट बोर्डाला झाळून टाकलेला. मेमरीही तशीच. काढण्यासारखं, बदलण्यासारखं आत काही ठेवलेलंच नव्हतं. त्यानं बोर्ड उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. पुण्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो हसला. "मेजर, कुठल्या काळात आहात? हे असंच येतं आता. कमी पडलं की अख्खं नवं घ्यायचं."

त्याच वेळी संयोगिताला फोन करून सांगायला हवं होतं. गुंडाला ते कळत होतं. फोन हातात होता, नंबर काढलेला होता. पण वीस वर्षांत त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता. त्यानं फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "झालं का वो?"

"पार्ट पुण्यासनं यायचाय, वैनी. आज-उद्या येतोय बगा."

आठवड्यानं पुन्हा तेच. मग "गाडी चुकली", मग "चुकीचा पार्ट आला". रोज सकाळी दुकान उघडताना तो ठरवायचा, आज सांगायचं. त्यानं पुण्यात, कोल्हापुरात, जिथं ओळख होती तिथं विचारलं. त्याच मापाचा मोठ्या प्रोसेसरचा बोर्ड मिळतोय का, एवढ्या एका आशेवर दिवस गेले. तसला बोर्ड सुटा विकायलाच नव्हता. घरी बायको शकुंतलानं विचारलं, "आवं, जेवत का न्हाई?" तिलाही त्यानं काही सांगितलं नाही.

चार जूनला संयोगिता न कळवता दुकानात आली. फळीवर तिचा डबा उघडाच पडला होता, वर धूळ बसलेली.

"पार्ट आला न्हाई अजून?"

गुंडा स्टुलावरनं उठला. "न्हाई येणार, वैनी. असा पार्टच नसतोय. ह्यो बदलता येत न्हाई."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिशी."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं डब्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "तवाच सांगितलं असतं तर मी दागिना मोडून दुसरं घेतलं असतं. काल वीरधवल साहेबांनी काम मिरजेच्या माणसाला दिलं. वर्षभराचं."

डबा तिनं पिशवीत घातला. झाकणाचे स्क्रू त्यानं पुढं केले, तेही न घेता ती गेली.

दोन दिवसांनी गुंडा वीरधवल साहेबांकडं जाऊन आला. चूक माझी, बाईंची नाही, असं त्यानं उभ्यानंच सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "मेजर, पण करार झालाय," एवढंच म्हणाले. मग त्यानं बाजार पालथा घालून चौकटीचा बोर्ड आणला, त्यावर मोठा प्रोसेसर बसवला आणि नवं मशीन जोडून तिच्या घरी नेलं. दारात सासू रंगुबाई होती.

"संयोगिता कामाव गेली की. पॅकिंगला. सकाळी सातला जाती, अंधार पडल्याव येती. दिसभर हुबं ऱ्हाऊन पाय सुजत्यात पोरीचं."

आत खाटेवर नवरा भिंतीकडं तोंड करून पडलेला होता. गुंडानं मशीन टेबलावर लावलं, चालू करून बघितलं, बंद केलं. रंगुबाईनं दिलेलं पाणी तसंच ठेवून तो निघाला.

मशीन तिनं परत पाठवलं नाही. त्यावर काम मात्र पुन्हा आलं नाही. मिरजेच्या माणसानं फौंड्रीत पाय रोवले होते, आणि बाकीच्या कारखान्यांनी आपापली माणसं ठेवली होती.

त्यानंतर दुकानात येणाऱ्याला गुंडा आधीच सांगायचा, "ह्येच्यात काय बी बदलता येणार न्हाई, बघून घ्या." लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि तोच डबा मोबाइलवरून मागवायचे. दिवाळीनंतर त्यानं गाळा सोडला.

आता तो एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला असतो. खाकी वर्दी, हातात शिट्टी. परवा ऑफिसातल्या एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, "मेजर, तुमचं दुकान होतं ना? मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. कुठला घेऊ?"

"मला त्यातलं काय कळत न्हाई, म्याडम," गुंडा म्हणाला, आणि त्यानं गेट उघडलं.