पायलीभर लुचई आणि बंद शटर

मायनं घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या काकीच्या हातात दिली आणि बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता मला विचारलं, "बेबे, तिथी दुकानात पायी जाता येते ना?"

बाबा जाऊन तीन महिने झाले होते. पोंभुर्ण्याच्या पलीकडचं आमचं गाव सोडून माय चंद्रपूरला माझ्याकडे येत होती, कायमची. शेती कोणी कसायची, म्हैस कोणाकडे ठेवायची, हे सगळं आधीच ठरलं होतं. तिची ही एकच अट उरली होती. मी हसले. म्हटलं, "माय, शहराच्या मधोमध राहतो आपण. खाली उतरलं की बाजार." कंडक्टर तिच्या तांदळाच्या पोत्याकडे बघून म्हणाला, "बाई, शहरात तांदूळ भेटत नाई का?" ती म्हणाली, "भेटत असन. आमचा नाई भेटत."

गावात राहिलेल्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्या बॅग भरून निघून आलेल्यांनो, त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. तेव्हा दुकान होतं.

शहराच्या जुन्या तटबंदीच्या, परकोटाच्या आत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी लटारीभाऊंचा किराणा होता. तूर, लाखोळीची डाळ, तेल, गूळ, सुकी मासळी, सगळं मिळायचं, आणि बसायला बाकडं होतं. लटारीभाऊ मूळचे ब्रह्मपुरीकडचे, धानाच्या पट्ट्यातले. मायनं आणलेल्या लुचई तांदळाचा वास त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला. आमच्या गावी बाया अजूनही पायलीभर धान नाहीतर तांदूळ घेऊन दुकानात जातात आणि मीठमिरची घेऊन घरी येतात. लटारीभाऊंनी तो रिवाज शहरात चालवून घेतला. मायनं लुचई द्यायची, त्यांनी तेल-डाळ द्यायची, आणि दोघांनीही मनातून समजायचं की फायदा आपलाच झाला. सकाळी दहाला गेलेली माय बाराला परत यायची. कोणाच्या सुनेचे दिवस भरले, कोणाची बोअर आटली, सगळी बातमी तिच्याकडे. मी त्या गल्लीत सहा वर्षं राहत होते आणि मला समोरच्या बाईचं नाव माहीत नव्हतं. ते मला मायनं सांगितलं.

मग एका सोमवारी लटारीभाऊंचं शटर वर गेलंच नाही. जागामालकानं जागा मोबाइलवाल्याला दिली होती. त्याच्या आधी पलीकडचा किराणा कोचिंग क्लासनं गिळला होता, आणि त्याच्याही आधीचा एका सोनारानं. आज आमच्या घरापासून पायी फिरून बघा. मोबाइलचं कव्हर मिळतं, भाड्यानं शेरवानी मिळते, थंडगार बाटल्या आणि कुरकुऱ्यांच्या माळा तर पानठेल्यावरही लटकलेल्या आहेत. पावशेर डाळ मिळत नाही. अरे बाप्पा, माणसं राहतात ना इथं? का आम्ही मोबाइलच्या कव्हरला फोडणी द्यायची?

वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला मी गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, हायवेवर एवढं मोठं मार्ट झालं, ऑनलाइन सगळं घरपोच येते, आणि तुम्ही अजून पुडीत अडकल्या?" वा रे घरपोच! पोचवणारा मेन रोडवर उभा राहून फोन करतो, गल्लीत गाडी येत नाही, बाहेर या. गुडघे धरून जिना उतरणाऱ्या बाईनं बाहेर जायचं. तिच्याकडे बटणांचा फोन, त्यात ॲप कुठून येणार? बोलाचीच कढी, बोलाचाच भात. यांना शहर म्हणजे ज्याच्या बुडाखाली गाडी आहे त्याचंच वाटतं.

एवढं तोंड सोडते आहे, तर माझंही ऐका. शटर पडल्यावर चार दिवसांनी लटारीभाऊ उरलेले डबे न्यायला आले होते. मायनं त्यांना विचारलं, भाऊ, काऊन बंद केलं? ते म्हणाले, "बाई, तुमच्या बेबीलेच विचारा. महिन्याचं सामान तिकडून येते स्कूटीवर. माह्याकडे फक्त जिरं अन् माचिस." खरं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हायवेवरच्या मार्टात जायची. एकावर एक फुकट म्हणून तीन साबण जास्तीचे आणायची आणि शहाणी समजायची स्वतःला. मायनं घरी येऊन त्यांचं बोलणं तेवढं मला सांगितलं. दाराच्या मागे मार्टाच्या पिशव्या अडकवलेल्या होत्या, त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

मी म्हटलं, आता काय लागेल ते मी आणत जाईन. ती म्हणाली, "मी काय पाहुणी हाय का?" आणि एका मंगळवारी, मी कचेरीत असताना, पायलीभर लुचई कापडी पिशवीत घालून एकटीच निघाली. दोन ऑटो बदलून मार्टाला पोचली. दारावर गर्दी होती, कोणी अडवलं नाही. तिनं तेलाची पिशवी उचलली, तूरडाळ उचलली आणि काउंटरवर आपली पिशवी पुढे सरकवली. घ्या, घरचा तांदूळ हाय. काउंटरवरची पोरगी आधी हसली. मग गार्ड आला आणि म्हणाला, तांदळाचं बिल दाखवा.

मार्टातून मला फोन आला तेव्हा हातातली फाइल तशीच टाकून मी पळाले. माय दाराशी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. येणारे-जाणारे बघत होते. ज्या बाईनं आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची शेंग तोडली नाही, तिला तांदळासाठी बसवून ठेवलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅनेजर आला. मायनं पिशवीचं तोंड सोडलं आणि त्याच्यासमोर धरलं. कीड लागू नये म्हणून आम्ही तांदळात कडुनिंबाचा पाला घालतो. वाळलेली पानं वरच होती. ती म्हणाली, "पाह्य बाबू, तुया तांदळात पाला हाय का?" मॅनेजरनं पान हातात घेऊन बघितलं. सॉरी आजी म्हणाला, आणि पुढच्या वेळी पिशवी बाहेर ठेवा म्हणाला. पुढच्या वेळी! माझ्या डोक्यात असा संताप गेला की त्या साबणांच्या सगळ्या राशी लाथेनं उडवाव्या. मी काही केलं नाही. तिचा हात धरला आणि ऑटो थांबवला. तेल आणि डाळ तिथंच राहिली.

आठ दिवस ती गल्लीत उतरली नाही. खिडकीतून मोबाइलच्या दुकानाची पाटी बघायची. नवव्या दिवशी म्हणाली, "मले गावी सोडून दे. तिथी मले सारे वळखतात." मी रडले, भांडले. गुडघ्यांचं काय, बीपीच्या गोळ्यांचं काय, बाबांशिवाय त्या घरात एकटी कशी राहशील? ती म्हणाली, "इथी तरी दुकटी कुठी होतो?" त्या शनिवारी मी तिला गावी पोचवून आले.

आता महिन्यातून दोन शनिवार मी गावी जाते. लोक म्हणतात, माहेरी जाते. खरं म्हणजे मी किराणा आणायला जाते. जंगलाच्या कडेच्या त्या गावात, शाळेच्या भिंतीला लागून, एका टिनाच्या शेडमध्ये दुकान आहे. तिथं लाखोळीपासून हळदीपर्यंत सगळं मिळतं आणि माय पायलीभर तांदूळ देऊन ते माझ्यासाठी बांधून ठेवते. गेल्या वेळी परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर भेटला. माझ्या पिशव्या बघून म्हणाला, "मॅडम, शहरात डाळही भेटत नाई का?" मी म्हटलं, नाई भेटत भाऊ. तो हसला. त्याला ती गंमत वाटली.

घर कुठं आहे, असं मला कोणी विचारलं की मी अजून सवयीनं चंद्रपूरचा पत्ता सांगते. चाव्या तिथल्याच आहेत माझ्याकडे. पण दर रविवारी फोनवर मी मायला विचारते, कधी येतेस? ती माझी तब्येत विचारते, नोकरीचं विचारते, समोरच्या बाईच्या सुनेला काय झालं तेही विचारते. मग म्हणते, "लटारीभाऊचं दुकान उघडलं का?"

मी म्हणते, नाही माय.

"मंग राहू दे," ती म्हणते.