दोन कुलपांच्या आतला पंखा

"ताई, मावशी गेल्या..." शेजारणीने दारातून सांगितलं तेव्हा मी मुदखेडच्या बाजारातून नुकतीच आले होते, पिशवी अजून खांद्यावर होती. तशीच धावत गेले. शेवंतामावशी नेहमीच्या जागी होती... ओसरीवर, बंद खोलीच्या दाराला टेकून.

त्या खोलीत तिचे यजमान, काका, वारले होते. तेराव्यानंतर लगेच थोरल्या लेकाने, दिगंबरने, वसीयत पुढे केली, घर त्याच्या एकट्याच्या नावावर. धाकटा माधव म्हणाला, सही खोटी आहे. खोलीतल्या कपाटाला दुसऱ्याने हात लावू नये म्हणून भांडता भांडता दोघांनी दाराला आपापलं कुलूप ठोकलं. एक किल्ली लातूरला गेली, एक नांदेडला. आतला पंखा बंद करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. पुढे कोर्टाने 'जैसे थे' म्हटलं, मग पंखाही जैसे थे! वर्षानुवर्षं दारामागे त्याची करकर. मला हसूही यायचं आणि अंगावर काटाही. एकदा म्हटलं, "मावशी, वायरमनला सांगून त्या खोलीची लाईन तोडू का?" तर माझा हात धरून म्हणाली, "नको गं बाई. तुझे काका झोपलेत. पंखा थांबला की त्यांना जाग येती, म्हाईत न्हाई का तुला?" लाईट गेली की ती दाराला कान लावून बसायची. करकर पुन्हा सुरू झाली की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

शेवटच्या आजारात तिचं एकच मागणं होतं. "मला आत नेऊन त्यांच्या बाजेवर टाका रे." दोन्ही लेकांचा तिच्यावर जीव, खोटं कशाला बोलू? पण दिगंबर म्हणाला, "माझी ना न्हाई आई, आधी त्याला कुलूप काढू दे." माधव म्हणाला, "आधी त्यानं काढावं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळला नव्हता. मला राग येतो, अजून येतो.

तिला नेताना लाईट नव्हती. खांदा देणार तोच आली आणि दारामागे करकर सुरू झाली. दोघं भाऊ जागीच थिजले. माधवचा हात खिशाकडे गेला... दिगंबरने ते पाहिलं आणि मान वळवली. मग तिरडी उचलली.

तेरावं झालं, किल्ल्या आपापल्या गावी गेल्या. घर रिकामं, म्हणून परवा मेन स्विच बंद करायला गेले. बटणावर हात ठेवला. आत पंखा फिरत होता, एका लयीत... वाटलं, मावशी शेवटी आत गेलीच, कुणाची किल्ली न मागता. आता बंद केला तर दोघांनाही जाग येईल. मी हात मागे घेतला आणि पायांचा आवाज न करता बाहेर आले.