एका घरात दोन शांता

माझं नाव शांता. यात हसण्यासारखं काहीही नाही, तरी अख्खं कोल्हार हसायचं. कारण माझा आवाज प्रवरेच्या पलीकडच्या काठावर ऐकू जायचा.

आता हे नाव काय मी मागून घेतलं होतं? बारशाच्या दिवशी मी इतकी रडले, की आत्या वैतागून म्हणाली, "शांता ठेवा हिचं नाव, निदान त्यानं तरी गप बसेल!" (बसले नाही.) पुढे देवळात कीर्तनकारबुवांनी सांगितलं, की शांता ही दशरथाची लेक, रामाची थोरली बहीण. मी ताठ बसले. लगेच बुवा म्हणाले, तिला दत्तक देऊन टाकली. घ्या! चार भावांचा एवढा डंका, आणि बहीण कुणाला ठाऊक तरी आहे का? मी उभी राहून विचारलं, "का म्हणून दिली?" बुवांनी घाईघाईनं आरती सुरू केली.

बरं, ते नाव माझ्या एकटीचं तरी असावं! छे! त्या काळी ज्याला मुलगी झाली त्यानं उठून शांता ठेवलं. आमच्या आळीतच आम्ही पाच जणी. घाटावर कुणी "शांतेऽऽ" म्हटलं, की पाच धुणी थांबायची. मग लोकांनी ओळखायला खुणा लावल्या. गोरी शांता, सोनाराची शांता, लांब केसांची शांता, धाकटी शांता. आणि मी कजाग शांता! मी याबद्दल चौघींशी भांडले, तरी खूण काही बदलली नाही.

म्हणून शेवगावचं स्थळ आलं आणि होणाऱ्या सासूचं नावही शांताच निघालं, तेव्हा मी मनातून नाचले. कारण सासूचं नाव घरात कोण घेणार? सून घेणार नाही, नवरा तर नाहीच नाही. म्हणजे माझं नाव बदलणं भागच होतं! मी वहिनीकरवी नवऱ्या मुलाला चिठ्ठी धाडली, 'नलिनी ठेवावे.' नलिनी म्हणजे कमळाची वेल. कोल्हारात दुसरी नव्हती.

मुलगा शाळामास्तर. त्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं सुरेख अक्षरात 'नलिनी' लिहिलं. लढाईचे दिवस, साखर मिळत नव्हती, म्हणून नाव सांगून गूळच वाटला. सासूबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि विचारलं, "काय म्हन्ला? नळी?"

"नलिनी, आई."

"तेच की. नळी. मटनातली व्हय?"

झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की मास्तरांची बायको नळी. "नळे, पानी आन!" "नळे, चूल विझली बघ!" मी संतापून म्हणायची, "सासूबाई, न-लि-नी!" त्या शांतपणे म्हणायच्या, "मग मी काय येगळं म्हन्ते?"

नवऱ्याकडे गेले. "अहो, तुम्ही तरी मला नीट नावानं हाक मारा!"

मास्तर दचकले. "मी? बायकोला नावानं? लोक काय म्हणतील!"

म्हणजे जो नीट बोलू शकत होता तो बोलणार नाही, आणि जी बोलत होती तिला बोलता येत नाही! मला पहिल्यांदा माझ्या जुन्या नावाची आठवण येऊन रडू आलं. कजाग तर कजाग, माणसाचं तरी नाव होतं!

वर्षभरानं मी आणि सासूबाई शेवगावच्या बाजारात लसूण निवडत होतो. आत्या कुणाच्या तरी लग्नाला आली होती, तिनं मला लांबून पाहिलं आणि खणखणीत हाक मारली, "शांतेऽऽ! ए शांते!"

"ओ!" मी ओरडले. माझ्या शेजारी त्याच क्षणी आणखी एक "ओ!" आला.

सासूबाई! हातातला लसूण खाली पडलेला, आणि चेहरा असा उजळलेला, की मी तो तसा कधी पाहिलाच नव्हता. मग त्यांना कळलं, की हाक आपल्याला नव्हती. त्या खाली वाकून लसूण गोळा करू लागल्या.

"आई गेल्यापसनं," त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला कुनी नावानं बोलावलंच न्हाई बग. सासूबाई, काकू, मास्तरची आई. लई वर्सांनी वाटलं, आपल्यालाच बोलावतंय कुनी."

मला भयंकर राग आला. कुणावर, ते कळेना, म्हणून लसूणवाल्यावर काढला. घरी येताना म्हटलं, "मला तुमचं नाव घेता येत नाही. पण तुम्हाला माझं जुनं नाव घ्यायला कोण अडवतंय? घरात कुणी नसलं, की मला शांताच म्हणत जा."

त्या थांबल्या. मग हळूच, चव घेतल्यासारखं म्हणाल्या, "शांते."

"ओ," मी म्हटलं.

"ओ," त्याही म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

तेव्हापासून मास्तर शाळेत गेले, की आमच्या स्वयंपाकघरातून दिवसभर हाक यायची, "शांते, पानी आन गं!" दोघी शांता मिळून "ओ" द्यायचो. पाण्याला मात्र दर वेळी कजाग शांताच उठायची!