हरल्यावर लगेच उठायचं नाही

मामांइतक्या निष्ठेने हरलेला माणूस मी या पृथ्वीतलावर दुसरा पाहिलेला नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मूळचे सांगलीकडचे, पण इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत चाळीस वर्षं मुरलेले आणि मोटारींच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. हरायचं तर माणसाला निदान खेळावं तरी लागतं. मामा आयुष्यात गोट्यासुद्धा खेळले नव्हते. ते हरत ते अमेरिकेतल्या एका फुटबॉल टीमच्या वतीने, हजारो मैलांवरून, कॉव्हेंट्रीतल्या आपल्या बैठकीच्या खोलीत, रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला. फुटबॉल म्हणजे तिकडचा फुटबॉल. त्यात चेंडू हातात धरून पळतात आणि दर अर्ध्या मिनिटाला खेळ थांबवून, डोक्याला डोकी लावून सभा भरवतात. मी जन्माने पुणेकर आणि पिंडाने क्रिकेटवाला, त्यामुळे या खेळाबद्दल काहीही माहीत नसताना माझं मत पक्कं झालेलं होतं.

या टीमचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण मामाच ते घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशातलाच तो प्रकार. ते "आपली माणसं" म्हणत. साठच्या दशकात कारखान्याने मामांना दीड वर्षासाठी अमेरिकेत एका तळ्याकाठच्या शहरात कामाला पाठवलं होतं. तिथल्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच रविवारी त्यांना मैदानावर नेलं आणि थंडीने दात वाजत असलेल्या मामांच्या गळ्यात स्वतःचा निळ्या-बदामी पट्ट्यांचा मफलर टाकला. टीम त्या दिवशी सणसणीत हरली. नंतरही हरतच राहिली. तिला विजेतेपद कधी मिळालं नव्हतं, मिळण्याची चिन्हंही नव्हती. मी एकदा शहाणपणाने विचारलं, "मामा, एखादी बरी टीम का नाही धरलीत?" त्यावर मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ज्यांनी स्वतः हरताना मला मफलर दिला, त्यांना सोडून जिंकणाऱ्यांच्या दारात जाऊ? जावईबापू, तुम्ही पुण्यात असं करता का?" एरवी मला अरेतुरे करणारे मामा चिडले की जावईबापू आणि तुम्ही म्हणत.

त्या टीमच्या जेवढ्या म्हणून रूढी, तेवढ्या मामांच्या घरी कडक सोवळ्यात पाळल्या जात. तिकडे सामना सुरू होण्याआधी गावातला सगळ्यात म्हातारा कामगार कारखान्याची जुनी घंटा वाजवतो. इकडे मामा देवघरातली घंटा घेऊन टीव्हीसमोर उभे राहात आणि सहाला एक मिनिट असताना अशी बडवत की शेजारच्या इंग्रज आजी भिंतीवर काठी ठोकत. पुढे त्या आजींनी एकदा काळजीने विचारलं, की तुमचा हा कोणता सण आहे आणि तो दर आठवड्याला कसा येतो. मामा म्हणाले, "श्रद्धा असली की येतो." टीममध्ये कुणी एके काळी खांद्याचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला होता, त्याचा एकतीस नंबर त्यानंतर कुणालाच देत नाहीत. मामांनी हा नियम संसारातही आणला. मामींनी लग्नाच्या एकतिसाव्या वाढदिवसाला नवी साडी नेसून बाहेर जेवायला जाण्याची तयारी केली, तर हे म्हणाले, "हा नंबर रिटायर झालाय, पुढच्या वर्षी जाऊ." मामी साडीसकट स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी पिठलं टाकलं. पिठल्यात मीठ नव्हतं, आणि ते विसरून राहिलं नव्हतं, असं मामाच कौतुकाने सांगत.

पण सगळ्यांत मोठी रूढी हरण्याची. टीम हरली की तिथले प्रेक्षक जागेवर उभे राहतात आणि आपला शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत कुणी हलत नाही. "जिंकल्यावर कोणीही थांबतो. हरल्यावर लगेच उठून जायचं नाही," मामा म्हणत. त्यामुळे हरल्यावर मामा टीव्हीसमोर हात जोडून उभे. गुडघे दुखत, तरी पडद्यावर जाहिराती लागेपर्यंत उभेच. जिंकल्यावर मात्र मामींच्या हातचा शिरा. मामींना खेळातलं ओ की ठो कळत नसे. खिडकीपाशी हिरव्या गादीची एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर बसून त्या विणकाम करत आणि शेवटी एवढंच विचारत, "रवा भाजू का नको?"

शिवाय मामांची वही होती. टीमचा साद्यंत इतिहास, सामन्यागणिक, आणि तोही मराठीत, कारण इंग्रजीत हरणं त्यांना फार कोरडं वाटे. या वहीत तिसाव्या पानानंतर बत्तिसावं येतं. तिच्यात पराभवांची वर्णनं पानिपतासारखी आहेत, आणि विजय एका ओळीत उरकलेले, बहुधा सरावच नसल्यामुळे. वहीचा एक दंडक होता. "तोंडाने काय वाट्टेल ते बोल. वहीत खोटं लिहायचं नाही." तोंडाने मामा खरोखरच काय वाट्टेल ते बोलत. पंचांना ते सांगलीच्या ज्या शिव्या देत, त्या ऐकून माझं मराठी सुधारलं.

आता या सगळ्यात मी कसा शिरलो ते सांगतो. दोन हजार एक सालचा हिवाळा तोंडावर आला होता. मी इंग्लंडातच रीडिंग गावी नोकरीला येऊन सहा महिने झाले होते. मी एकटा वगैरे मुळीच नव्हतो. बायको बाळंतपणाला पुण्याला गेली होती, ऑफिसातल्या आमच्या प्रोजेक्टवरची निम्मी माणसं घरी बसवली होती, उरलेली निम्मी आपली पाळी कधी येते याची वाट बघत एकमेकांशी बोलायची थांबली होती, आणि शनिवार-रविवारी माझा सगळा संवाद सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या बाईशी होई, तोही पिशवी हवी का, एवढाच. पण एकटा नव्हतो. बायकोने पुण्याहून फोनवर हुकूम सोडला, "मामी गेल्यापासून मामा एकटे आहेत. जाऊन ये जरा, त्यांना बरं वाटेल." मामी त्या वसंतात गेल्या होत्या. म्हटलं, म्हाताऱ्याला तेवढीच सोबत. अशा परोपकारी भावनेने मी रविवारी कॉव्हेंट्रीची ट्रेन पकडली.

घरात शिरलो आणि सरळ खिडकीपाशी जाऊन हिरव्या गादीच्या खुर्चीवर बसलो. मामांची मुलगी तेव्हा आलेली होती. ती ग्लासगोला डॉक्टर, जन्म कॉव्हेंट्रीचा. तिच्या हातातला चहा हिंदकळला. "ओह, नो. तो मम्मीचा खुर्ची आहे. तिकडे कोणी बसत नाही," ती म्हणाली. मी उठायला लागलो, तर माझा स्वेटर खुर्चीच्या फटीत अडकला आणि मी खुर्चीसकट उठलो. मामा घंटा हातात धरून बराच वेळ माझ्याकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "असू दे. बस तू."

मग सामना लागला. एक टीम निळी, एक पांढरी. मामांचा मफलर निळा, तेव्हा निळे ते आपले, हे मी माझ्या अक्कलहुशारीने ताडलं. निळे जीव तोडून खेळले आणि मी जीव तोडून टाळ्या वाजवल्या. आमची टीम त्या दिवशी टीव्हीवर नव्हतीच, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. आमच्या टीमला टीव्हीवर कोण दाखवणार? तिचे आकडे पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर येत, आणि मामा सगळा वेळ त्या पट्टीकडे बघत होते. शेवटी ते उठले, हात जोडून शांतपणे उभे राहिले, जाहिराती लागल्यावर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जिंकलो. गेल्या सहा रविवारांत पहिल्यांदा. तू त्या खुर्चीवर बसलास म्हणून. आता पुढच्या रविवारी यावं लागेल तुला, इलाज नाही." मुलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. जेवायला आमटी-भात होता. "शिरा केला असता, पण रवा संपलाय," मामा म्हणाले.

झालं. मी शकुनाचा माणूस ठरलो. आणि सांगायला लाज वाटते, पण मी ते मनावर घेतलं. संगणकशास्त्राची पदवी घेतलेला, सत्यनारायणाला नाक मुरडणारा मी, पुढची आठ वर्षं त्या टीमचा भार माझ्या बुडावर आहे अशा समजुतीने जगलो. सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी रीडिंग ते कॉव्हेंट्री. मुलाचा वाढदिवस नोव्हेंबरात, तर केक दुपारी दोनलाच कापायचा, मेणबत्त्या अजून पेटत्या असताना मी गाडीत. बायको म्हणे, "त्या टीमला तू माहीत तरी आहेस का?" मी कीव आल्यासारखा हसे. टीम हरली की मामा माझी झडती घेत, "तू तिसऱ्या डावात मांडी बदललीस." मग मी सबंध सामना डावा पाय उजव्यावर ठेवून काढायला लागलो. एकदा पायाला अशा मुंग्या आल्या की उठताना टीपॉयवर पडलो, आणि पडता पडताही विचारलं, "गुडघा टेकला तर चालतं ना?" ऑफिसात एक अमेरिकन साहेब आला होता, तो याच टीमचा. त्याला मी कॉफीच्या मशीनपाशी गाठून, आपल्या टीमचे गेल्या आठ वर्षांतले विजय कुणामुळे, ते समजावून सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवसापासून खालच्या मजल्यावरची कॉफी प्यायला सुरुवात केली.

यथावकाश प्रोजेक्टही वाचलं, बायको मुलाला घेऊन परत आली, रीडिंगला घर झालं. या सगळ्यात मी माझ्या मनाशी एक हिशेब पक्का धरला होता, की मी मामांसाठी जातो. मी नसतो तर म्हातारबाबांचे रविवार कसे गेले असते, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. चार माणसं मला भला म्हणत, आणि मी मान खाली घालून ते मान्य करत असे.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मामांच्या डोळ्यांनी दगा दिला. मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसणार. मुलीने त्यांना ग्लासगोला न्यायचं ठरवलं, घर विकायला काढलं. आवरायला मी गेलो. मामांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू लिही. मला अक्षर दिसत नाही." खुर्चीचं काय करायचं, असं मुलीने विचारलं, तर म्हणाले, "त्याचीच आहे ती." मी आढेवेढे घेतले. मनातून अर्थात मला ते रास्तच वाटलं होतं. आठ वर्षांच्या सेवेचं पेन्शन.

घरी आणून खुर्ची खिडकीशी ठेवली आणि आपली कारकीर्द वाचावी म्हणून वही उघडली. म्हटलं, पहिल्या विजयापासून सुरुवात करू. तो रविवार सापडला. मामांचं ठसठशीत अक्षर.

"हरलो. चोवीस गुणांनी. लाज वाटावी असा खेळ. भाचीचा नवरा आला होता. पोरगा तासभर एक शब्द बोलला नाही, आमटी मात्र चारदा घेतली. कुणाच्या तरी टीमसाठी टाळ्या वाजवत होता. वाळलाय. हिच्या खुर्चीवर बसला, बसू दिला. ती असती तर तिनेच बसवला असता. पुढच्या रविवारी यायला त्याला काहीतरी निमित्त पाहिजे. जिंकलो म्हणून सांगितलं."

मी ते तीनदा वाचलं. हात जोडून उभे राहणं ही हरण्याची रूढी. शिरा नाही म्हणजे विजय नाही. आठ वर्षं या दोन्ही गोष्टी मला तोंडपाठ होत्या, इतरांना मी त्या शिकवतही होतो, आणि पहिल्या दिवशी दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर घडल्या होत्या. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. सोबत द्यायला म्हणून गेलेला मी, बायको गेल्याला सहा महिने झालेल्या माणसाच्या घरात, त्याच्या बायकोच्या जागेवर बसून चारदा आमटी ओरपून आलो होतो. बायकोने विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही, मी एकटा होतो." ती म्हणाली, "हे तुला आता कळलं? अरे, मामांना फोन मीच केला होता, की तुमच्याकडे पाठवतेय, सांभाळून घ्या."

सप्टेंबरात नवा सीझन सुरू झाला. पहिल्या रविवारी मी देवघरातली घंटा वाजवली, खुर्चीवर बसलो, डावा पाय उजव्यावर टाकला. आपली माणसं जी हरली, ती अशी हरली की पट्टीवरचे आकडे बघवेनात. मी उठून उभा राहिलो. माझा मुलगा काहीच न विचारता शेजारी येऊन उभा राहिला. जाहिराती लागल्यावर ग्लासगोला फोन केला. मामांची मुलगी ड्यूटीवर होती, मामा एकटेच घरी.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"जिंकलो, मामा," मी म्हणालो.

पलीकडून त्यांचं नेहमीचं नाकातलं हसू आलं.

"बरं. वहीत काय लिहिलंस?"

"हरलो म्हणून."

"शाब्बास," मामा म्हणाले. मग विचारलं, "शिरा केलास का?"

"रवा संपलाय, मामा."

"हं," ते म्हणाले. "मग पुढच्या रविवारी पुन्हा फोन करावा लागेल तुला. इलाज नाही."

फोन झाला तरी दोघांनीही लगेच ठेवला नाही.